अनुभव धागा : ‘तिलावा’ आणि बोटीवरून परत न आलेले स्टुअर्ड

माझे आजोबा ‘तिलावा’ या प्रवासी बोटीवर सलून स्टुअर्ड, म्हणजे जेवणाच्या दालनात वाढणारे, होते. घर बारदेशात, मुंबईतला मुक्काम धोबीतलावच्या कुडीत. कूड म्हणजे गोंयच्या एकेका गावाचा क्लब. भिंतीशी पेट्या, समोर आल्तार (वेदी), संध्याकाळी तेर्स, म्हणजे जपमाळेची प्रार्थना. बोट मिळेपर्यंत तारवटी (बोटीवर काम करणारे) तिथेच राहायचे. ब्रिटिश इंडिया कंपनीच्या बोटींवर सलूनमध्ये बहुतेक गोंयकारच असायचे.

20 नोव्हेंबर 1942 ला तिलावा मुंबईहून मोंबासाकडे निघाली. 23 ला पहाटे दोनच्या सुमारास, सेशेल्सच्या ईशान्येला, भर समुद्रात जपानी पाणबुडीचा टॉर्पेडो लागला. बोट लगेच बुडाली नाही. तरते आहे असं वाटून काही जण परत वर चढले, आणि मग दुसरा लागला. 958 पैकी 280 माणसं गेली. आजोबा त्यांतलेच.

गोवा पोर्तुगिजांचा, पोर्तुगाल लढाईत नाही. तरी आमच्या वाड्यावर काळे कपडे चढले. शामायकडे, म्हणजे आजीकडे, आजोबांचा एक जादा पांढरा कोट राहिला होता. दर वर्षी पाऊस संपला की ती तो उन्हात घालायची आणि पितळी बटणं चिंचेनं घासायची. एकेक बटण, मागची कडीसुद्धा. मला हात लावू द्यायची नाही.

तुमच्या घरी असं कुणी होतं का? शौर्याच्याच गोष्टी हव्यात असं नाही. ते काम काय करायचे, मागे काय राहिलं, ते लिहा. 280 या आकड्यात मला माझे आजोबा सापडत नाहीत.

बाणकोटकर
आमचे पणजोबा स्टुअर्ड नव्हते, दुसऱ्या एका बोटीवर टिंडेल (खलाशांचे मुकादम) होते. तीही लढाईत गेली. पणजीला वाचता येत नव्हतं, पण मनीऑर्डरच्या पावत्या ती तारेत ओवून ठेवायची. एका महिन्यात पोस्टमन आला नाही, पुढच्याही महिन्यात नाही. कागद फार उशिरा आला. तोवर तिनं ओळखलं होतं.

ठाण्याहून
माझी आई तिलावावर होती, सात वर्षांची. नवसारीचं कुटुंब, आफ्रिकेला निघालेलं. तिला टॉर्पेडोचा आवाज आठवायचा नाही. आठवायचा तो आदल्या संध्याकाळी केबिनमध्ये आलेला स्टुअर्ड. लाइफबेल्टची दोरी त्यानं तिच्याकडून दोनदा बांधून घेतली आणि तो उशाशीच ठेवायला सांगितलं. अंधारात तिनं तो स्वतः बांधला. दोन दिवसांनी ‘बर्मिंगहॅम’ या लढाऊ क्रूझरनं त्यांना उचललं, 27 ला मुंबईत आणलं. तो कोण होता ते तिला शेवटपर्यंत कळलं नाही. मूळ धागा वाचून रात्रभर झोप लागली नाही मला.

थेम्सकाठी
लंडनला टॉवर हिलवर व्यापारी जहाजांवरच्या मृतांचं स्मारक आहे. बोटीवार पाट्या आहेत. भारतीय खलाशांची नावं तिथे शोधू नका. ती मुंबई आणि चितगावच्या स्मारकांच्या ग्रंथात आहेत, सहा हजारांहून अधिक. एकाच बोटीवर मेलेली माणसं युरोप आणि आशिया अशा दोन खंडांत वाटली गेली, याचा मला फार राग येतो.

वसईचा निवृत्त
मी खूप नंतरचा, पण सलूनचं काम तेच. पहाटे उठून केबिनला चहा, मग चांदीची घासाघीस. समुद्र खवळला की टेबलक्लॉथवर पाणी शिंपडायचं, म्हणजे प्लेटी सरकत नाहीत. टेबलाच्या कडेच्या फळ्या उभ्या करायच्या. पोटात ढवळत असलं तरी चेहरा हसरा. आणि जेवणाआधी नॅपकिनच्या घड्या, शेकड्यांनी. सगळ्यांत मानाची ‘बिशपची टोपी’.

मूळ लेखिका
काका, ही टोपी आमच्याकडे नाताळात असायची! शामायला आजोबांनी शिकवलेली. मला अर्धीच येते. मधोमध दुमडायची, दोन कोपरे उलटसुलट मध्यावर आणायचे, पालथी करून पुन्हा दुमडायची. पुढे हात अडतो.

वसईचा निवृत्त
डावं टोक उजव्या दुमडीत खोच. उलटी कर. दुसरं टोकही तसंच खोच. मग खालून बोटं घालून गोल कर, उभी राहील. स्टार्च कडक हवा, बाळा.