रानपिंगळा ‘नामशेष’ की ‘लुप्त’?

पृच्छा : ‘नामशेष झालेला रानपिंगळा पुन्हा सापडला’ असे वाक्य वाचनात आले. नामशेष झालेले पुन्हा सापडणार कसे? येथे कोणता शब्द योजावा?

उत्तर : आपली शंका रास्त आहे. नाम हेच ज्याचे शेष, ते नामशेष. मॉरिशसच्या डोडो पक्ष्याला हा शब्द शोभतो, कारण सतराव्या शतकात तो संपला आणि नावाखेरीज उरली ती थोडी हाडे. रानपिंगळ्याचे तसे नाही. १८८४ मध्ये मिळालेल्या नमुन्यानंतर या घुबडाची खात्रीची नोंद नव्हती (१९१४ चा म्हणून दाखवलेला नमुना संग्रहालयातून चोरलेला निघाला, हा किस्सा वेगळाच), आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये पक्षीशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन व त्यांच्या सहकाऱ्यांना तो शहाद्याजवळच्या रानात दिसला. मधली ११३ वर्षे पक्षी होताच, फक्त अभ्यासकांच्या नजरेस पडला नव्हता. पाणिनीने ‘अदर्शनं लोपः’ (न दिसणे म्हणजे लोप) म्हटले आहे, म्हणून येथे ‘लुप्त’ किंवा ‘लुप्त मानलेला’ म्हणावे.

दुसरे मत : निष्कर्ष मान्य आहे, पण केवळ व्युत्पत्तीवर भिस्त ठेवू नये. धातुपाठात (संस्कृत धातूंच्या अर्थासह यादीत) ‘नश्’ धातूचा अर्थही ‘अदर्शन’ असाच दिला आहे, तरी मराठीत ‘नष्ट’ म्हणजे दिसेनासे झालेले असे कोणी समजत नाही. शिवाय ‘नामशेष’ला स्थळाची जोड लागते. चित्ता १९५२ मध्ये भारतातून नामशेष झाल्याचे जाहीर झाले, परंतु आफ्रिकेत आणि थोड्या संख्येने इराणमध्ये तो आहेच. त्यामुळे ‘भारतातून’ हे पद गाळले, तर विधानच खोटे ठरते. २०२२ मध्ये नामिबियाहून आणून मध्य प्रदेशातील कुनो राष्ट्रीय उद्यानात सोडलेले चित्ते ‘सापडले’ नाहीत, ते आणले. येथे उरलेले नाव तरी कुठे जागेवर राहिले? कित्येक जण बिबट्यालाच चित्ता म्हणतात.

पृच्छा : मग ‘उच्छेद’ चालेल का?

उत्तर : कर्ता दाखवायचा असेल तर अवश्य. ‘डोडो नामशेष झाला’ या वाक्यात कोणाचेच नाव येत नाही. बेटावर शिकारी प्राणी नसल्याने डोडोची उडण्याची शक्ती पिढ्यानपिढ्या गेली होती आणि तो जमिनीवर घरटे करी. तेथे खलाशी उतरले आणि जहाजांतून आलेली डुकरे व उंदीर त्याच्या अंड्यांवर तुटून पडले. एवढे सांगायचे असेल, तर ‘उच्छेद झाला’ असेही न लिहिता ‘उच्छेद केला’ असे लिहावे.