जुन्या डिझेल गाडीचा क्लच : पूर्ण सेट बदलायचा की नुसती प्लेट?

खंबाटकीचा चढ (धागाकर्ता)

माझं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे भांडायला बरं. डिझेल गाडीचा क्लच गेला की प्लेट (इंजिनाचा जोर गिअरबॉक्सला देणारी चकती), प्रेशर प्लेट (तिला दाबून धरणारी) आणि रिलीज बेअरिंग (पेडल दाबलं की ती पकड सोडवणारं), तिन्हींचा पूर्ण सेट एकदमच बदलावा. नुसती प्लेट टाकून पैसे वाचवायला जाणारा तेच पैसे वर्षभरात मजुरीत घालतो. मी घातलेत.

गाडी २०१२ ची स्विफ्ट डिझेल, १ लाख ३४ हजार किलोमीटर. गेल्या वर्षी पुण्याहून साताऱ्याला जाताना खंबाटकीत ट्रकांची रांग लागली होती. पाऊण तास पहिला आणि दुसरा गिअर. रांग सुटल्यावर तिसऱ्यात दाबली तर आरपीएमचा काटा तीन हजारावर पळाला आणि गाडी मात्र आहे तिथंच. वरून तो जळका वास. बायको म्हणाली, बाहेरच्या ट्रकचा असेल. आमचाच होता.

गॅरेजवाला म्हणाला, "प्रेशर प्लेट मस्त आहे साहेब, प्लेट टाका फक्त." प्लेट ३,२०० आणि मजुरी ४,०००. गिअरबॉक्सचं ऑइल जुनंच परत ओतलं. आठ महिन्यांनी पहिल्या गिअरला गाडी हादरायला लागली, पेडल दाबलं की घर्रर्र आवाज. दुसऱ्या गॅरेजात पुन्हा गिअरबॉक्स उतरवला. सेट ७,४००, मजुरी ४,०००, ऑइल ९००. म्हणजे पहिले ७,२०० पाण्यात.

कुणाला उलट अनुभव असेल तर सांगा.

लेथवाला काका

उलटच अनुभव आहे. ट्रक आणि जीपच्या गॅरेजात ३० वर्षं काढलीत, आता हात थरथरतात म्हणून फक्त बोलतो.

तुम्ही दोन वेगळी दुखणी एकात घातलीत. घर्रर्र आवाज पेडल दाबल्यावर येत होता ना? मग ते रिलीज बेअरिंग. (न्यूट्रलला, पेडल सोडल्यावर आवाज आला असता तर गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टच्या बेअरिंगकडे बघावं लागलं असतं, ते खर्चिक.) एवढ्याशा बेअरिंगसाठी गिअरबॉक्स पुन्हा उतरवावा लागतो, म्हणून प्लेटबरोबर ते बदललंच पाहिजे. यावर आपलं भांडण नाही.

प्रेशर प्लेटची गोष्ट वेगळी. तिच्या तोंडावर सपाट लोखंडी पट्टी धरा, खाली उजेड दिसतो का बघा, दिसला तर ती वाकलीय. निळे डाग, बारीक भेगा, झिजलेली बोटं (मधल्या स्प्रिंगची टोकं), यातलं काही असेल तर भंगारात. नसेल तर चांगली वस्तू का फेकायची? हादरा बहुतेक वेळा फ्लायव्हीलमुळे येतो, म्हणजे इंजिनाच्या ज्या जड चाकावर प्लेट धरते त्याच्यामुळे. घाटात तापून त्याच्यावर कडक डाग पडतात, नवी प्लेट त्यावर एकसारखी धरत नाही. दुसऱ्या वेळी फ्लायव्हीलला लेथवर फेस मारून (तोंड सपाट करून) घेतला होता का?

खंबाटकीचा चढ

हो काका, लेथवर नेलं होतं. पहिल्या वेळी नाही.

लेथवाला काका

मग गाडी सेटनं सुधारली की लेथनं, हे तुम्ही कशावरून ठरवलंत?

हिंजवडी ते हडपसर

काका, तुमचा मुद्दा गॅरेजात उभं राहून बरोबर आहे. पण गॅरेजवाल्यानं पट्टी धरून बघितलं की नाही हे आम्हाला कसं कळणार? आम्ही ऑफिसात, गाडी गॅरेजात, फोनवर "बघितलं साहेब" एवढंच ऐकू येतं. सेट म्हणजे जास्तीचे चार हजार देऊन घेतलेला विमा समजा. आणि उत्पादक सेट एकत्र विकतात ते काही उगाच नाही.

लेथवाला काका

विकायला सोपं जातं म्हणूनही विकतात.

कोल्हापूरची चालक

तुम्ही सगळे सामानावर भांडताय, डाव्या पायावर कुणीच बोलत नाही.

माझ्याकडे इंडिका व्हिस्टा क्वाड्राजेट आहे. स्विफ्टमधल्याच १२४८ सीसीच्या फियाट इंजिनाचं टाटाचं रूप. १ लाख ६५ हजार झाले, क्लच अजून मूळचा. आठवड्यातून एकदा गगनबावड्याचा घाट असतो. चढावर थांबले की हँडब्रेक, पाय क्लचवरून पूर्ण काढून. हाफ क्लचवर, म्हणजे पेडल अर्धवट दाबून, गाडी धरून ठेवणं म्हणजे प्लेटला कानशीच मारणं. गिअर बदलून झाला की पाय बाजूला, पेडलवर नुसता टेकवूनसुद्धा ठेवायचा नाही, कारण तेवढ्यानंही बेअरिंग फिरत राहतं.

धागाकर्त्यांनी पाऊण तास रांगेत काय केलं ते लिहिलेलं नाही. मला अंदाज आहे.

खंबाटकीचा चढ

ताई, अंदाज बरोबर आहे. पण समोरचा ट्रक दर दहा सेकंदाला दोन फूट सरकत असेल तर हँडब्रेक किती वेळा ओढायचा?

कोल्हापूरची चालक

दोन फुटांसाठी निघायचंच नाही. गाडीभर अंतर पडू द्यायचं, मग एकदाच पूर्ण क्लच सोडून जायचं. मागचा हॉर्न मारतो, मारू दे.

हिंजवडी ते हडपसर

गगनबावड्याच्या रिकाम्या रस्त्यावरून हिंजवडीला उपदेश. इथं गाडीभर अंतर सोडलं तर त्यात दोन रिक्षा शिरतात.

जुनं विका

मला हा धागाच कळला नाही. २०१२ ची गाडी, २०२७ मध्ये १५ वर्षं होणार. तिच्यावर सव्वाबारा हजार कशाला? जशी होती तशी विकून टाकायची.

खंबाटकीचा चढ

विकायला काढलीच होती. पहिलंच गिऱ्हाईक फिटर घेऊन आलं. त्यानं चौथ्या गिअरला चाळीसवर पूर्ण दाबली, काटा पळाला, आणि खाली उतरून थेट २५ हजार कमी सांगितले. शिवाय १५ वर्षं झाली म्हणजे गाडी मेली असं नाही. तपासणीत पास झाली तर आणखी ५ वर्षांचं रजिस्ट्रेशन मिळतं. दिल्लीत १० वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर बंदी घातली, तसं आपल्याकडे नाही. आणि मारुतीनं २०२० मध्ये डिझेल बंद केलं, त्यामुळे अशी गाडी पुन्हा नवी मिळायची नाही.

जुनं विका

जुन्या गाडीवरचा ग्रीन टॅक्स विसरलात. बाकी प्रेम आंधळं असतं, चालू द्या.

टॉर्कचा भक्त

ती चौथ्या गिअरची परीक्षा का चालते, तेही लिहितो. या इंजिनाचा १९० न्यूटन मीटर टॉर्क (चाकं फिरवायचा जोर) २००० आरपीएमलाच येतो. त्याच काळातल्या पेट्रोल स्विफ्टचा ११४, आणि तोही ४००० ला. म्हणजे टर्बो जागा झाला की क्लचवर एकदम भार येतो. झिजलेली प्लेट पहिल्या-दुसऱ्यात निभावून नेते, वरच्या गिअरला उघडी पडते. म्हणूनच डिझेलवाले "शहरात छान चालते, हायवेला पिकअप नाही" म्हणत इंजेक्टर साफ करत बसतात. माझ्या मेव्हण्यानं इंजेक्टरवर नऊ हजार घातले. क्लच होता.

सेटच्या वादात मी धागाकर्त्याच्या बाजूनं आहे, पण एका अटीवर. सामान स्वतः आणायचं, ओळखीच्या डीलरकडून, बिलासकट. डुप्लिकेट सेटपेक्षा काकांची जुनी अस्सल प्रेशर प्लेट केव्हाही बरी.

लेथवाला काका

हे लाखातलं बोललात. आणखी एक, गिअरबॉक्स खाली असताना क्रँकचं (इंजिनाच्या मुख्य दांड्याचं) मागचं सील बघाच. तिथून ऑइल पाझरत असेल तर नवा सेटसुद्धा महिनाभरात तेलकट होऊन हादरेल. सील स्वस्त असतं, पण बघायचं राहून जातं. आणि जुन्या प्लेटची धूळ हवा मारून उडवू देऊ नका. प्लेटवरच्या जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं, आमच्या पिढीनं ते खूप खाल्लंय. ओल्या फडक्यानं पुसायचं.

धागाकर्ते, जुनी प्रेशर प्लेट कुठंय?

खंबाटकीचा चढ

डिकीत. दुसऱ्या गॅरेजवाल्याकडून मागून घेतली होती, पहिल्याला दाखवून भांडायला. ते राहूनच गेलं.

लेथवाला काका

मग वाद कशाला? मी धायरीत राहतो. शनिवारी घेऊन या, पट्टी माझ्याकडे आहे. खाली उजेड दिसला तर पूर्ण सेटवाल्यांचं खरं, नाही दिसला तर चहा तुमच्याकडून.

हिंजवडी ते हडपसर

फोटो टाका. पट्टीसकट, आणि मागं उजेड धरून.

खंबाटकीचा चढ

येतो काका. दहा वाजता चालेल? आधी डिकी रिकामी करावी लागेल, प्लेटवर दिवाळीपासून गव्हाचं पोतं आहे.