लिमा ते कुस्को: अंतर किती, वेळ किती

ताई (लिमा, पेरू): आईबाबा ऑगस्टमध्ये इकडे येतायत, ते ठरलं. 🙏 पुढे कुस्को शहर आणि माचू पिच्चूचे इंकांचे अवशेष करायचेत. लिमा–कुस्कोचं तिकीट अजून काढलं नाहीये. काढायच्या आधी सगळ्यांचं मत हवंय.

धाकटा: आत्ताच बघितलं, ५८५ किमी आहे. रात्रीची बस घ्या की, झोपून जाल. हॉटेलची एक रात्र पण वाचेल.

ताई: अरे ते सरळ रेषेतलं अंतर आहे. रस्त्याने जवळजवळ ११०० किमी होतात. नाझ्कापर्यंत समुद्राकाठचं वाळवंट, तिथून अँडीजचा चढ सुरू. २०–२२ तास धरून चाल. मी एकदा गेलेय, नाझ्का सोडल्यावर वळणं संपतच नाहीत. बाबांची कंबर बघता मी त्यांना बसने नेणार नाही. विमानाला सव्वा तास लागतो.

बाबा: म्हणजे मुंबई–नागपूरपेक्षाही कमी. मग विमानच. यात विचारायचं काय?

मावशी: भावोजी, अंतराचं सोडा, उंची बघा. कळसूबाई १६४६ मीटर. दोन कळसूबाई एकावर एक ठेवल्या तरी कुस्को त्याच्या वर, ३४०० मीटर. लिमा समुद्राकाठी. सव्वा तासात तुम्ही तिथे उतरणार आणि प्रत्येक श्वासात ऑक्सिजन मिळणार इथल्या दोन तृतीयांश. डोकं दुखणं, मळमळ, रात्री झोप न लागणं, हे कुणालाही होतं. आम्ही लेहला उतरलो त्याच दिवशी फिरायला निघालो होतो. संध्याकाळी ह्यांना उलट्या सुरू झाल्या, दोन दिवस खोलीत.

धाकटा: मग बसने हळूहळू चढलेलं बरं नाही का?

ताई: मलाही आधी तसंच वाटलं होतं. पण ती बस मध्येच ४००० मीटरच्या वर जाते, आणि तेही रात्री, सगळे झोपेत असताना. सवय होणं दूरच, त्रास वाढायचा.

मावशी: बरोबर. उतरल्यावर खाली सरकता येईल अशी जागा बघ.

ताई: आहे ना. कुस्कोहून गाडीने दीडेक तासावर उरुबांबाचं खोरं. तिथली गावं २८०० मीटरच्या आसपास. विमानतळावरून थेट तिकडे जायचं, दोन रात्री तिथेच. मग तिथल्याच ओयांताइतांबो गावाहून रेल्वेने माचू पिच्चू. ते तर २४३० मीटरच आहे, कुस्कोपेक्षा हजारेक मीटर खाली! कुस्को शहर सगळ्यात शेवटी.

मावशी: छान. पहिल्या दिवशी जड जेवण नको, जिने नकोत, पाणी भरपूर. कोकाच्या पानांचा चहा देतात तो घ्या, पण त्याच्या भरवशावर राहू नका. भावोजी, तुमची बीपीची गोळी चालू आहे. उंचीच्या त्रासावरची गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घ्यायची नाही. सल्फाची ॲलर्जी असेल तर तेही सांगा.

आई: थंडी किती असेल गं?

ताई: दुपारी छान ऊन. रात्री पारा शून्याच्या जवळ. कानटोपी, दोन स्वेटर आणच.
आणि विमान सकाळचंच काढते. कुस्कोचा विमानतळ डोंगरांच्या मधे आहे, दुपारी वारा सुटतो. परत येताना लिमाला एक रात्र मोकळी ठेवलीय, म्हणजे विमान उशिरा आलं तरी मुंबईचं चुकायचं नाही.

बाबा: काढ मग सकाळचं. खिडकी तुझ्या आईला दे.