मदत हवी आहे: सिगसेट_टी सोपा केला आणि कंट्रोल-सी चालेना

कोरडंप_करणारा:
मंडळी, लिनक्सवर (एक्स८६, ६४ बिट) हौसेने छोटी सी लायब्ररी लिहितोय. सिग्नल सेटचा (प्रोग्रॅमला येणाऱ्या सूचनांच्या संचाचा) भाग सुटसुटीत करायला गेलो आणि दोन ठिकाणी अडकलो.

सिगसेट_टी (हा संच ठेवणारा टाइप, दर सिग्नलला एक बिट) जीलिबसीसारखाच (लिनक्सची नेहमीची सी लायब्ररी) १२८ बाइटचा ठेवलाय, कारण तो आकार धरून कंपाइल झालेले प्रोग्रॅम चालायला हवेत. कर्नलला मात्र ६४ सिग्नलच कळतात. आरटी_सिगप्रॉकमास्कला (सिग्नल ब्लॉक करणारा सिस्टिम कॉल) आकार ८ सोडून काहीही दिला की ईइनव्हॅल, म्हणजे चुकीच्या आर्ग्युमेंटची एरर! म्हणजे उरलेले १२० बाइट नुसते सांभाळायचे. म्हणून लूप आणि मॅक्रो उडवले, सगळं काम पहिल्या लाँगवर.

आता सिगआरटीमिन (पहिला रिअल-टाइम सिग्नल, माझ्याकडे ३४) ब्लॉक केला, तर तो ब्लॉक होत नाहीच, उलट कंट्रोल-सी मुकं होतं. सेटमध्ये सिग्नल घालणाऱ्या सिगअ‍ॅडसेटमध्ये एकच ओळ आहे: १ ला (क्रमांक वजा १) इतकं डावीकडे शिफ्ट करून सेटमध्ये ऑर. यात चुकायला जागा कुठे आहे?

दुसरं, सेट रिकामा करणारं सिगएम्प्टीसेट आता पहिले ८ बाइटच शून्य करतं. एक जुनी टेस्ट दोन रिकामे सेट मेमसीएमपीने (बाइट बाइट) ताडते, ती फेल. सगळे १२८ बाइट शून्य करणारं मेमसेट परत घालू? मग सोपं काय केलं?

जुना_सीवाला:
तुमचा १ साधा इंट आहे, ३२ बिटांचा. तो ३३ ने शिफ्ट करणं अनडिफाइंड, म्हणजे काय व्हावं ते सी ठरवतच नाही. एक्स८६ त्यातले खालचे पाच बिटच बघतं, ३३ चा होतो १. तो बिट सिग्नल २ चा, म्हणजे सिगइंट, जो कंट्रोल-सी पाठवतं. तुमचं कंट्रोल-सी तिथे गेलं. १ ला अनसाइन्ड लाँग करा. यूबीसॅन (अशा चुका पकडणारं कंपाइलरचं साधन) लावून चालवलं असतं तर त्याने ओळ क्रमांकासकट सांगितलं असतं.

मेमसेट नको. मसल ही दुसरी सी लायब्ररीसुद्धा ६४ बिटवर एकच वर्ड शून्य करतं. आणि जुना मास्क परत देताना कर्नल तरी कुठे ८ च्या पुढे लिहितो? टेस्टच चुकीची आहे, सिगइजमेंबरने (सिग्नल सेटमध्ये आहे का ते सांगतं) १ ते ६४ ताडा. सगळे सिग्नल भरणारं सिगफिलसेट लिहिताना ३२ आणि ३३ वगळा, जीलिबसीत ते थ्रेडच्या अंतर्गत कामाला राखून ठेवलेत.

कोरडंप_करणारा:
झालं! ३४ ब्लॉक झाला, कंट्रोल-सीही परत आलं. दोन तास ती एक ओळ बघत बसलो होतो. थ्रेड अजून लिहिलेच नाहीत, पण वगळून ठेवतो. आणि ३२ बिटवर बांधलं तर लाँग ४ बाइटचा, तिथे दोन वर्ड लागतील ना?

जुना_सीवाला:
हो. शिफ्टही वर्डच्या आतच करा, नाहीतर ३४ पुन्हा तिथेच.