आवाज ‘कापला’ की ‘थरथरला’?

शुद्धाशुद्ध: ‘बोलताना तिचा आवाज कापला’ हे वाक्य छापू नये, या मताचा मी आहे. पूर्वी थरथरण्याचं ‘कांपणे’ आणि विळीवरचं ‘कापणे’ डोळ्यांना वेगळं दिसायचं. १९६२च्या नियमांनी न उच्चारले जाणारे अनुस्वार काढले आणि ‘नांव-नाव’सारखी हीही जोडी एक होऊन बसली. सरळ ‘थरथरला’ लिहा.

पडघम: घोटाळा आहेच कुठे? चिरण्याचं ‘कापणे’ सकर्मक. भूतकाळात कर्त्याला ‘ने’ लागतो: ‘संकलकाने आवाज कापला’, म्हणजे कात्री लावली. ‘तिचा आवाज कापला’मध्ये आवाजच कर्ता, म्हणून कंप.

शुद्धाशुद्ध: आणि ‘भीतीने आवाज कापला’? ‘ने’ आहे की!

पडघम: तो कारणाचा ‘ने’, भीती काही कात्री घेऊन बसलेली नाही. मात्र वर्तमानकाळात ही खूण चालत नाही हे कबूल. ‘तो कापतो’ दोन्हीकडे सारखंच. तिथे कर्म शोधायचं. कांदा सापडला तर विळी, नाहीतर हुडहुडी.

जवारी: व्याकरण राहू द्या, अर्थच वेगळे आहेत. थरथरतात ओठ, ज्योत, पिंपळाचं पान, ते दिसतं. आवाज कापतो तेव्हा दम ताब्यात नसतो. दरबारी रागातला कोमल गंधार हा स्वर आंदोलित असतो, संथ झुलतो, पण गवई म्हणेल तेव्हाच. तो ‘कापतो’ म्हटलंत तर बुवांचा श्वास पुरत नाही असा अर्थ होईल. गमक, म्हणजे स्वराला दिलेला हेलकावा, तर जोरकस, त्यालाही कापरं म्हणणार नाही कोणी. तंबोऱ्याची तार झंकारते, तीही घोडीचा, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीचा, माथा नीट घासलेला असेल आणि तारेखालचा दोरा नेमक्या जागी असेल तरच. दोरा केसभर सरकला की तार मुकी तरी होते, नाहीतर खरखरते. या सगळ्याला एकच ‘थरथरणे’ कसं पुरेल?

शुद्धाशुद्ध: ‘थरथरत्या आवाजात’ सर्रास छापून येतं. ते चूक म्हणायचं का?

जवारी: चूक नाही, पुस्तकी आहे. बोलताना ‘आवाज कापरा झालाय’ म्हणतो. अंगाला कापरं भरतं. ‘थरथरं’ भरल्याचं ऐकलंय?

शुद्धाशुद्ध: ‘कापरा’ मान्य, त्याला विळीचा वासही नाही. पण मथळ्यात ‘नेत्याचा आवाज कापला’ आलं, तर वाचणारा माईक बंद पडला असंच समजेल. तिथे मी ‘थरथरला’च ठेवणार.

पडघम: मथळ्यापुरतं ठेवा.