आकाशदर्शनाला लोक एकदा येतात, पुन्हा फिरकत नाहीत. काय करावं?

वाचनालयाची_गच्ची

नमस्कार मंडळी. आमच्या तालुक्याच्या गावातल्या वाचनालयाला एका देणगीदारांनी आठ इंची डॉब्सोनियन (साध्या बैठकीवरची, हातानं फिरवायची, आरशाची) दुर्बीण दिली आहे. गच्चीवर पत्र्याची खोली बांधून तिला आम्ही मोठ्या कौतुकानं वेधशाळा म्हणतो. महिन्याच्या शेवटच्या रविवारी आकाशदर्शन असतं, सगळ्यांना खुलं आणि फुकट. सुरुवातीला जिन्यात उभं राहायला जागा नव्हती. आता मोजकी डोकी येतात, त्यातही निम्मी कार्यकारिणीच्या घरची.

साडेसातला प्रोजेक्टरवर व्याख्यान होतं: विश्वाची उत्पत्ती, ताऱ्यांचं आयुष्य, कृष्णविवरं. पाऊण तास तरी जातो. मग रांग लागते. माणूस डोळा लावतो, "हो हो, दिसलं" म्हणतो आणि बाजूला होतो. एक काका शनी बघून म्हणाले, "एवढंच? फोनवर याच्यापेक्षा मोठा दिसतो." त्यात शेजारी मंगल कार्यालय, त्यांच्या झगमगाटानं अर्धं आकाश धुऊन निघतं.

आमच्यातल्या काहींचं म्हणणं, अनुदान मिळवून मोटरवाली मोठी दुर्बीण घेऊ या. त्यानं फरक पडेल का? आणि "शनी बघितला तर साडेसाती लागत नाही ना?" असं दर वेळी कुणीतरी विचारतंच. त्यांना काय सांगता तुम्ही?

रात्रपाळी_पुणे

मोठी दुर्बीण गच्चीवरचा उजेडही तेवढाच जास्त गोळा करते. ती नकोच. हौशी मंडळींचे कार्यक्रम कसे चालतात ते एकदा जाऊन बघा. पुण्यात ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून आहे, मुंबईच्या खगोल मंडळाचे वांगणी गावातले रात्रभराचे कार्यक्रम प्रसिद्ध आहेत. अंधारात नेलंत की लोक आपोआप परत येतात, हा माझा अनुभव.

आप्पा_भिंगवाले

अंधारात न्यायला हवंच, पण गाडी करून रात्रभर येणारी माणसं आधीच आपली असतात. ताईंचा प्रश्न जिना चढून आलेल्या भाजीवाल्या मावशींचा आहे, असं मी धरतो.

ताई, दुर्बीण उत्तम आहे. पैसे घालायचेच असतील तर दोन भक्कम स्टुलांत घाला. थट्टा नाही करत, खाली सांगतो.

आधी रविवार सोडा आणि पंचांग हातात घ्या. शुद्ध सप्तमी ते दशमी, हे तुमचे दिवस. अष्टमीचा चंद्र दिवेलागणीलाच डोक्यावर असतो, मध्यरात्रीच्या सुमारास मावळतो, आणि मंगल कार्यालयानं कितीही दिवे लावले तरी त्याचं काही बिघडत नाही. पौर्णिमा मात्र टाळा. तेव्हा ऊन समोरून पडतं, सावल्याच नसतात, आणि दुर्बिणीत नुसती चुना मारलेली भिंत दिसते. अष्टमीला ऊन तिरपं. उजेड-अंधाराच्या सीमेवर विवरांचे काठ उजळलेले आणि पोटात मिट्ट काळोख.

व्याख्यान रद्द. अगदीच करायचं तर बघून झाल्यावर, थांबतील त्यांच्यासाठी. कृष्णविवर ऐकून आलेल्या माणसाला चंद्र फिकाच वाटणार. जिन्यात अंतराळयानांनी काढलेल्या फोटोंचे फ्लेक्स असतील तर तेही उतरवा. तुमच्या काकांचा काही दोष नाही, त्यांना आधी फ्लेक्स दाखवला आणि मग वाटाण्याएवढा शनी. शिवाय सध्या शनीही आपल्याला साथ देत नाही. मार्च २०२५ मध्ये त्याची कडी बरोबर धारेवर आली होती (म्हणजे आपल्याला नुसती कडेनं, रेघेसारखी), आता ती हळूहळू उघडतायत. पूर्ण उघडलेली बघायला २०३२ उजाडेल. मी रांगेच्या तोंडाशी पेन्सिलीनं काढलेलं चित्र लावतो, दुर्बिणीत दिसतं तेवढंच लहान. ते बघून गेलेला माणूस दुर्बिणीशी ओरडतो, "अहो, चित्रापेक्षा लख्ख आहे!"

आता ते "दिसलं" म्हणून पळणं. काय शोधायचं हे सांगून पाठवा. चंद्राला मी म्हणतो, "सीमेच्या पलीकडं, काळोखात, एकटाच चमकणारा ठिपका सापडतोय का बघा." तो डोंगराचा माथा असतो. पायथ्याशी अजून रात्र, माथ्यावर ऊन आलेलं. हे सांगितलं की माणूस डोळा काढत नाही, मागच्यांना हाका माराव्या लागतात.

आणि परत येण्याचं म्हणाल तर माझा एकच उपाय आहे: कार्यक्रम लागोपाठ दोन संध्याकाळी ठेवा. गुरू आकाशात असेल तेव्हा प्रत्येकाच्या हातात कागदाचा चिटोरा आणि पेन्सिल द्यायची. मधे एक गोल, त्यातून आडवी रेघ. गुरूच्या चार मोठ्या चंद्रांपैकी जेवढे दिसतील तेवढे ठिपके ज्याचे त्यानं काढायचे. चिटोरा घरी न्यायचा आणि उद्या तोच घेऊन यायचं. आयो हा त्या चौघांत सगळ्यांत जवळचा, पावणेदोन दिवसांत गुरूभोवती फिरतो. आज एका टोकाला असेल तर उद्या त्याच वेळी जवळजवळ दुसऱ्या टोकाला. काल स्वतः काढलेला ठिपका आज जागेवर नाही म्हटल्यावर जे तोंड होतं ना माणसाचं! गॅलिलिओनं जानेवारी १६१० मध्ये हेच केलं, रोज रात्री चित्रं काढत बसला. एका रात्रीचं आकाश म्हणजे देखावा, बघितला आणि झालं. दुसऱ्या रात्री ते हलतं. गुरू नसेल तर चंद्रावरही जमतं: काल अंधारात असलेलं विवर आज उन्हात आलेलं असतं.

आता स्टुलं. आठ इंची डॉब सरळ वर केला की आयपीस, म्हणजे डोळा लावायचं भिंग, चार फुटांवर जातो, पहिलीतलं पोर पोचत नाही. खाली झुकवला की उंच माणसाची कंबर मोडते. पोरांना स्टूल, आजीला खुर्ची. आणि खुर्ची पाठमोरी ठेवून तिची पाठ धरायला सांगा, नाहीतर प्रत्येक जण तोल सावरायला नळीच धरतो आणि गुरू गेला शेजारच्या गल्लीत. गर्दीत २५ मिमीचा (कमी मोठं दाखवणारा) आयपीस लावा, अख्खा चंद्र मावतो. १० मिमीचा (जास्त मोठं दाखवणारा) लावलात तर ग्रह दीड-पावणेदोन मिनिटांत या कडेपासून त्या कडेला निघून जातो (पृथ्वी फिरते ती अशी, हेही दाखवता येतं). आयपीसला काजळ लागतं, ते ओढणीनं पुसायला कुणाला देऊ नका.

साडेसातीवर मी वाद घालत नाही, गणित घालतो. शनीला सूर्याभोवती फिरायला साडेएकोणतीस वर्षं लागतात. राशी बारा. म्हणजे एका राशीत अडीच वर्षं. जन्मराशीच्या मागची, जन्मराशी आणि पुढची अशा तीन राशी, अडीच गुणिले तीन, साडेसात. कुणीतरी पिढ्यान्‌पिढ्या उघड्या डोळ्यांनी हा ग्रह बघितला म्हणून हा आकडा आला. तुम्ही आज दुर्बिणीतून बघा, असं म्हणतो आणि स्टूल पुढं सरकवतो.

तर्ककर्कश

आप्पा, बाकी सगळं मान्य. पण साडेसातीवर ही गुळमुळीत भूमिका पटली नाही. उलट तुम्ही तिला खगोलशास्त्राचा टेकू देताय. वैज्ञानिक दृष्टिकोन वाढवणं हे संविधानाच्या ५१ क मध्ये कर्तव्य म्हणून लिहिलंय. स्पष्ट सांगा की ग्रहाचा तुमच्या नोकरीशी संबंध नाही.

आप्पा_भिंगवाले

विचारलं तर सांगतोच की नाही म्हणून. पण आधी बघू दे. घाबरत घाबरत शनीला डोळा लावलेली बाई कडी बघून नवऱ्याला हाक मारते, त्या वेळी तिला भाषण द्यायचं माझ्या जिवावर येतं. तुमच्या गच्चीवर तुम्ही द्या, मी ऐकायला येईन.

वाचनालयाची_गच्ची

आप्पा, चिटोऱ्यांची कल्पना फारच आवडली, पुढच्या अष्टमी-नवमीला करून बघते. फ्लेक्स उतरवायला अध्यक्षांची परवानगी लागेल, फोटोखाली त्यांचं नाव आहे! मंगल कार्यालयाचं काही करता येईल का? एप्रिल-मेमध्ये तर रोज लग्नं.

आप्पा_भिंगवाले

वऱ्हाडालाच वर बोलवा. एप्रिल-मेमध्ये संध्याकाळी सप्तर्षी उत्तरेला छान वर असतात. लग्नात अरुंधती दाखवायचा विधी आहेच, भटजी बहुतेक वेळा मांडवाच्या छताकडं बोट करून मोकळे होतात. नवरा-नवरीला गच्चीवर आणा, आधी साध्या डोळ्यांनी वसिष्ठाशेजारची अरुंधती शोधायला लावा, मग दुर्बिणीतून. २५ मिमीतसुद्धा वसिष्ठ स्वतःच दोन ताऱ्यांचा निघतो, वेगळे वेगळे दिसतात. तेवढ्यासाठी मालक दहा मिनिटं बाहेरचे दिवे बंद करायला तयार होतो. नवरीच्या बापानं सांगितलं की नक्कीच.

आणि लोक येत नसतील तर दुर्बीण खाली न्या. तुमच्या दुर्बिणीला ज्याचं नाव आहे तो जॉन डॉब्सन सॅन फ्रान्सिस्कोत रामकृष्ण संघाच्या मठात संन्यासी होता, बरं का. मठ सुटल्यावर १९६८ पासून तो आणि त्याच्याकडं शिकणारी पोरं घरी घासलेल्या आरशांच्या दुर्बिणी घेऊन फुटपाथवर उभी राहायची आणि जाणाऱ्या-येणाऱ्याला चंद्र दाखवायची. तुमच्याकडं एसटी स्टँड आहे. अष्टमीला तिथं लावा, शेवटची गाडी चुकेल लोकांची.

वाचनालयाची_गच्ची

शेवटचं एक. पावसाळ्यात चार महिने दुर्बीण त्या पत्र्याच्या खोलीतच असते, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून. चालेल ना?

आप्पा_भिंगवाले

अजिबात नको. प्लॅस्टिकमध्ये ओल कोंडते आणि काचेवर बुरशी धरते. नळी खाली वाचनालयात आणा, वारा लागेल अशी कोरड्या जागी ठेवा, वर सुती चादर. आरशावर धूळ दिसली तरी फडक्यानं पुसू नका, लेप जातो. आयपीस घट्ट झाकणाच्या डब्यात, सोबत सिलिका जेलच्या पुड्या. निळं जेल गुलाबी झालं की मंद आचेवर गरम करून परत निळं करायचं. स्वयंपाकाचा तवा वापरू नका, ते खाण्याच्या भांड्यात जाता कामा नये. जुनी कढई वेगळी काढून ठेवा.