शब्दचर्चा : क्लेम, रीझन, एव्हिडन्स यांना वर्गात काय म्हणावे?

प्रश्न (इंग्रजीच्या शिक्षिका, यवतमाळ जिल्हा)

मी एका खेड्यातील मराठी माध्यमाच्या शाळेत सहावी ते आठवीच्या मुलांना इंग्रजी शिकवते. दहावीच्या इंग्रजीच्या परीक्षेत 'व्ह्यू-काउंटरव्ह्यू' हा लेखनप्रकार असतो आणि तिथवर पोहोचलेली मुले पाठ केलेली वाक्ये उतरवतात, म्हणून आपले मत मांडून ते पटवून देण्याचे लेखन, ज्याला इंग्रजीत आर्ग्युमेंट म्हणतात, ते मी सहावीपासूनच सुरू करते. क्लेम, रीझन, एव्हिडन्स, काउंटरक्लेम (समोरच्याची विरुद्ध बाजू) आणि रिबटल (त्या बाजूला दिलेले उत्तर) हे पाच शब्द त्यासाठी फळ्यावर येतात. मागच्या आठवड्यात 'उन्हाळ्यात शाळा सकाळच्या पाळीत भरावी' हा विषय दिला होता. एका हुशार मुलीने क्लेमखाली 'शाळा सकाळी भरावी', रीझनखाली 'दुपारी ऊन फार असते' आणि एव्हिडन्सखाली 'कारण दुपारी खूप तापते' असे लिहिले. तिला इंग्रजी अडले नव्हते. रीझन आणि एव्हिडन्स या दोहोंसाठी तिच्या मनात 'कारण' हा एकच मराठी शब्द होता. हे पाच शब्द मुलांच्या बोलण्यातल्या कोणत्या शब्दांशी जोडावेत, याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

उत्तर (मराठीचे निवृत्त शिक्षक, अमरावती जिल्हा)

मॅडम, आपण नेमक्या जागी बोट ठेवले आहे. मात्र या पाच शब्दांच्या आधी खुद्द आर्ग्युमेंट या शब्दाकडे पाहायला हवे, कारण आपल्या मुलांना तो 'आर्ग्युमेंट करू नकोस' या दटावणीतून भेटलेला असतो आणि त्याचा अर्थ उलट बोलणे असाच त्यांच्या मनात बसलेला असतो. त्याचे लॅटिन मूळ 'स्पष्ट करणे, सिद्ध करणे' या अर्थाचे आहे. आपल्या 'हुज्जत' या शब्दाचीही गत अशीच झाली आहे. अरबीत हुज्जत म्हणजे प्रमाण, पुरावा. मराठीत येईपर्यंत त्यातला पुरावा गळाला आणि केवळ घालायची हुज्जत उरली. 'वाद' हा शब्द तर न्यायदर्शनात, म्हणजे तर्काचा विचार करणाऱ्या प्राचीन भारतीय दर्शनात, फार आदराचा आहे. तिथे चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत. सत्य समजून घेण्यासाठी केला जातो तो वाद, जिंकण्यासाठी केला जातो तो जल्प, आणि स्वतःची बाजू न मांडता केवळ समोरच्याची बाजू खोडत राहणे ती वितंडा. आज आपल्याकडे वाद म्हटले की धुऱ्याचा, म्हणजे शेताच्या बांधाचा, वाद आठवतो. म्हणून लेखनप्रकाराचे नाव म्हणून मी 'युक्तिवाद' सुचवतो, पण यातली युक्ती म्हणजे शक्कल नव्हे, तर्काची जुळणी होय, हे पहिल्याच दिवशी सांगावे लागेल.

क्लेमसाठी न्यायदर्शनात 'प्रतिज्ञा' आणि रीझनसाठी 'हेतू' हे अगदी नेमके शब्द आहेत. पर्वतावर अग्नी आहे ही प्रतिज्ञा, कारण तिथे धूर दिसतो हा हेतू. परंतु आपल्या मुलांची प्रतिज्ञा परिपाठात म्हटली जाते, आणि हेतू या शब्दाचा आजचा अर्थ उद्देश असा झाला आहे. हे दोन्ही शब्द मला प्रिय असूनही सहावीच्या फळ्यावर मी ते लिहिणार नाही. मराठी माध्यमाच्या भूमितीत प्रमेयासाठी 'पक्ष' आणि 'साध्य' असे लिहून मग 'सिद्धता' देतात, आणि सिद्धतेत प्रत्येक विधानासमोर त्याचे कारण लिहितात. त्यातला 'साध्य', म्हणजे जे सिद्ध करायचे ते, हा शब्द क्लेमच्या फार जवळचा आहे. मोठ्या वर्गात त्याचा उपयोग होईल.

आपल्या मूळ अडचणीवर मात्र नामापेक्षा प्रश्न अधिक कामाला येईल, असे माझे ठाम मत आहे. मराठीने या दोन गोष्टींसाठी दोन निराळे प्रश्न केव्हाच घडवून ठेवले आहेत. 'का?' या प्रश्नाचे उत्तर म्हणजे रीझन, आणि 'कशावरून?' या प्रश्नाचे उत्तर म्हणजे एव्हिडन्स. मुले घरी 'का' ऐवजी 'कायले' म्हणत असतील तर तेही फळ्यावर येऊ द्यावे. समजा दावा असा आहे की, आमच्या गावाला टंचाईच्या सवलती मिळाव्यात. का? खरिपाचे पीक बुडाले म्हणून. कशावरून? गावाची अंतिम पैसेवारी, म्हणजे नेहमीच्या पिकाच्या तुलनेत यंदाचे पीक रुपयात किती पैसे आले तो आकडा, ५० पैशांच्या आत आली आहे, यावरून. हा आकडा पीक कापणी प्रयोगातून, म्हणजे ठरावीक मापाच्या तुकड्यातले पीक कापून आणि मोजून निघतो, हे शेतकऱ्यांच्या मुलांना सहज समजते. 'यंदा काहीच पिकले नाही हो' ही हळहळ आणि मोजलेले पीक यांतला फरक त्यांनी घरीच पाहिलेला असतो.

उत्तर (तालुका न्यायालयातील वकील, वर्धा जिल्हा)

सरांचे विवेचन पटले. शब्दांच्या कायदेशीर छटांविषयी थोडे जोडतो. क्लेमसाठी 'दावा' शाळेत जरूर वापरावा. कोर्टकचेरीमुळे तो गावोगाव ओळखीचा आहे. काउंटरक्लेमसाठी 'प्रतिदावा' मात्र टाळावा. कायद्यात प्रतिदावा म्हणजे प्रतिवादीने वादीविरुद्ध केलेली स्वतःची स्वतंत्र मागणी, तर आपल्याला हवी आहे ती समोरच्याची विरुद्ध बाजू. तिच्यासाठी 'हरकत' हा शब्द मुलांना कळेल, कारण फेरफार नोंदीच्या नोटिशीत हरकती मागवल्याचे त्यांनी पाहिलेले असते.

एव्हिडन्ससाठी 'पुरावा' या शब्दाबाबत एक अडचण संभवते. मुलांच्या घरी पुरावा म्हणजे रहिवासाचा पुरावा, जन्मतारखेचा पुरावा, म्हणजेच शिक्क्याचा कागद. साक्षीदाराने शपथेवर सांगितलेली गोष्ट हादेखील तोंडी पुरावा असतो, हे त्यांना सांगावे. मग इंग्रजीच्या धड्यातले एखादे वाक्य हाही पुरावा होऊ शकतो, हे त्यांना चमत्कारिक वाटणार नाही.

प्रश्नकर्त्या शिक्षिकेचे उत्तर

सर, आणि वकीलसाहेब, मनापासून आभार. काल फळ्यावर इंग्रजी शब्द न लिहिता 'का?' आणि 'कशावरून?' एवढेच लिहिले आणि त्याच मुलीला पुन्हा विचारले. 'कशावरून?' म्हटल्यावर ती क्षणभर थांबली आणि म्हणाली, 'मागच्या एप्रिलमध्ये दुपारच्या हजेरीला निम्मी मुले नव्हती, ते हजेरीपटात आहे.' एव्हिडन्स हा शब्द मी त्यानंतर लिहिला.

हरकतीबाबत मी घाई करत होते, हेही लक्षात आले. अमेरिकेतील २०१० च्या कॉमन कोअर या शालेय मानकांत सहावीला दावा, कारणे आणि पुरावा एवढेच अपेक्षित आहे. विरुद्ध बाजूची दखल सातवीपासून येते. म्हणून काउंटरक्लेम आणि रिबटल मी पुढच्या वर्षावर ढकलते आहे. तेव्हा 'कोणी म्हणेल की' या शब्दांनी हरकत सुरू करायची आणि 'तरीही' या शब्दाने तिचे उत्तर द्यायचे, असे ठरवले आहे. रिबटलसाठी 'खंडन' हा शब्द मला जरा कठोर वाटतो. हरकतीतला खरा भाग मान्य करून पुढे जाणे त्यात बसत नाही.

एक शंका अजून उरते. ब्रिटिश तत्त्वज्ञ स्टीफन टूल्मिन यांनी १९५८ मध्ये मांडलेल्या युक्तिवादाच्या आराखड्यात पुरावा आणि दावा यांना जोडणाऱ्या नियमाला वॉरंट म्हटले आहे. सरांच्या उदाहरणात पैसेवारी ५० पैशांच्या आत असली की पीक बुडाले असे धरायचे, ही महसूल खात्याची रीत म्हणजे तो नियम, असे मी समजते. वॉरंट म्हटले की मुलांना पकड वॉरंट आठवते, त्यामुळे तो शब्द चालणार नाही. मग त्याला काय म्हणावे?

उत्तर (मराठीचे निवृत्त शिक्षक, अमरावती जिल्हा)

मॅडम, आपण बरोबर समजलात. न्यायदर्शनात याला व्याप्ती म्हणतात : जिथे जिथे धूर, तिथे तिथे अग्नी. वर्गात इथेही प्रश्नच वापरावा, 'मग त्याने काय सिद्ध होते?' हजेरीपटात निम्मी मुले नाहीत, हे खरे. पण ती उन्हामुळेच आली नाहीत, की घरच्या कामासाठी थांबली होती? त्या मुलीला हे विचारून पाहावे आणि ती काय म्हणते ते इथे अवश्य कळवावे.